तेराव्या महिन्याचा चांद

लातूरला जिल्हा मिळाला, पण पाऊस उस्मानाबादेतच राहिला, असं त्या साली बाजारात जो तो म्हणायचा. तसा तो तिकडंही पडला नव्हता, पण बोलणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार. ऑगस्टात गावभर कमानी लागल्या, बँड वाजला, पेढे वाटले, आणि पेढे खाऊन लोक आपापल्या घागरी घेऊन टँकरच्या रांगेत परत उभे राहिले.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत माणिकप्पा अडत्याचं घर होतं. घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, एकच खोली, आणि त्या खोलीत भाड्याने राहायच्या रिबकाबाई वाकरूळकर. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेलेला, आता पेन्शन. नवरा कधीचाच वारलेला, मूलबाळ नाही. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातांवर या जगात आली, म्हणून लहानथोर सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. नावावरून कुणी त्यांना ख्रिस्ती समजायचं, कुणी मुसलमान. बाई होत्या बेने इस्राएल, कोकणातल्या ज्यू. आडनाव अलिबागेकडच्या गावाचं, भाषा मराठी, देव एकच आणि तोही न दिसणारा. आख्ख्या लातुरात त्यांच्या धर्माचं दुसरं माणूस नव्हतं. आमची जमातही मीच आणि पंचायतही मीच, असं त्या हसून सांगायच्या, पण ते हसणं काही फार लांब जात नसे.

महिन्याचा नवा चांद बघायचा हा बाईंचा नेम. अमावस्या सरली की दिवस मावळताना त्या माळवदाच्या कडेला उभ्या राहत, डोक्यावर पदर, डोळे मावळतीला. कोर दिसली की हिब्रूतले चार शब्द पुटपुटत. खालून गुडघे धरत, जिन्याला शिव्या घालत पार्वतम्मा वर यायची. ही माणिकप्पाची बायको, घराची मालकीण. तिलाही बीजेचा चंद्र बघायचा असे. कोर दिसली की लुगड्याच्या पदराचा एक धागा, ज्याला दशी म्हणतात, तो ओढून चंद्राकडे उडवायचा आणि म्हणायचं, चांदोबा, जुनं घे, नवं दे.

"तुमी काय मागता वं चांदोबाला?" पार्वतम्माने एकदा विचारलं होतं.

"मागत काही नाही. देवाने त्याला सांगितलंय, दर महिन्याला नवा हो म्हणून. तो होतो. मग आपल्यालाही नवं होता येतं, एवढं आठवायचं."

"हे बरं हाय. लुगडं तरी फाटत न्हाई."

नव्या चांदाला बाई सुई हातात धरत नसत, धुणं काढत नसत. आई सांगायची की त्यांचा पैगंबर मोशे देवाची आज्ञा आणायला डोंगरावर गेला तेव्हा पुरुषांनी सोन्याचं वासरू करून त्याला पुजलं, पण बायांनी त्यासाठी आपले दागिने द्यायला नकार दिला, म्हणून देवाने महिन्याचा पहिला दिवस बायांना सुट्टीचा दिला. हे ऐकून पार्वतम्मा विचारात पडली होती. वासराला सोनं द्यायला नाही म्हणणाऱ्या बाईला तिच्या घरात, महादेवाच्या नंदीसमोर, सुट्टी सोडा, दोन शब्द ऐकावे लागले असते. पण तेव्हापासून दर नव्या चांदाला ती बाईंची घागर आपल्या सुनेकडून भरून वर पाठवायची. सुनेला काही ही सुट्टी मिळाली नाही.

हे सगळं ठीक होतं. बाईंच्या जिवाला जे खात होतं ते वेगळंच होतं. त्याचं नाव हायीम.

हायीम म्हणजे बाईंचा पाठचा भाऊ. मुदखेड जंक्शनला रेल्वेत गार्ड होता, तिथंच क्वार्टरमध्ये राहायचा. लातूर ते मुदखेड काही परदेश नव्हे, सकाळच्या एस्टीत बसलं तर दुपारी माणूस तिथं. पण दहा वर्षं भावाबहिणीने एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा त्यांची आई हायीमकडे होती, आणि बाईंची नेमणूक होती अहमदपूरजवळ दुष्काळी कामावर. हजारो माणसं खडी फोडत होती, आणि एका विहिरीच्या पाण्याने हगवणीची साथ उठली. लेकरं पटापट आडवी पडायला लागली. त्यातच तार आली की आई आजारी, निघ. बाईंनी तार वाचली, खिशात घातली आणि पुढच्या पोराच्या तोंडात साखरमिठाचं पाणी घातलं. आज निघू, उद्या निघू करत साथ आटोक्यात आल्यावर निघाल्या. मुदखेडला पोचल्या तेव्हा मातीसुद्धा होऊन गेली होती.

हायीम दारातच उभा होता. "आता कुणासाठी आलीस?" एवढंच म्हणाला. बाई दमलेल्या होत्या, झोप नव्हती, अंगाला औषधांचा वास मारत होता. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या हाताखाली असती तर वाचली असती. तुझ्या हातात होती म्हणून गेली."

शब्दच ते. बाणासारखे सुटतात म्हणतात, पण बाण निदान शोधून परत आणता येतो. हायीमने दार लावून घेतलं आणि बाई पुढच्या गाडीने परतल्या. त्यानंतर दर वर्षी त्यांच्या मनात यायचं की जावं, पाय धरावेत. धाकटा असला म्हणून काय झालं. पण दर वर्षी दवाखाना आडवा यायचा, कधी ऊन, कधी गुडघा. खरं म्हणजे आडवं यायचं ते नाक.

त्या वर्षी पोळा झाला आणि बाईंबरोबर दवाखान्यात असलेला जुना कंपाउंडर शेषेराव नांदेडहून आला. चहा पिता पिता सहज बोलून गेला, "तुमचे भाऊ चालले की इस्रायलला. पोरगा हाय न्हवं का तिथं. सामानसुमान इकून राहिले. दिवाळीच्या आत जातेत."

इस्रायल म्हणजे एस्टीने जायचा गाव नव्हे. हायीम गेला की गेला, आणि ते वाक्य त्याच्याबरोबर जन्मभर तिकडं राहणार, इकडं बाईंच्या गळ्यात राहणार. तोंड धुऊन त्या खाटेवर बसल्या आणि ठरवलं की आता जायचंच.

धर्मही तेच सांगत होता. नव्या वर्षाचा पहिला महिना तिश्री, त्याच्या पहिल्या चांदाला नव्याचा सण, आणि दहाव्या दिवशी दार फाळणी. दार फाळणी म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. घराचं दार लावून घ्यायचं, पांढरं नेसायचं, पाण्याचा थेंब न घेता देवाकडे वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. त्या दिवशी बाहेर पडायचं नाही, कुणाला दार उघडायचं नाही, आणि गाडीघोड्यात बसायचा तर प्रश्नच नाही. पण देव माफ करतो ते त्याच्याविरुद्ध केलेलं. माणसाचं दुखावलेलं असेल तर आधी त्या माणसाकडे जाऊन माफी मागावी लागते, त्यात देव हात घालत नाही. तेव्हा दार फाळणीच्या आधी मुदखेड गाठायचं, एवढं नक्की.

आता दार फाळणी कधी? दर साली मुंबईहून बाईंचा एक मामेभाऊ सणांच्या तारखांचा छापील कागद पाठवायचा. मामेभाऊ गेल्या हिवाळ्यात वारला, कागद आला नाही. पण बाईंना घोर नव्हता. आईची रीत त्यांच्या लक्षात होती की अश्विनाचा पहिला चांद तो आपला नव्याचा सण, आणि दसरा ती आपली दार फाळणी. बहुतेक सालं तसंच पडायचं. एखाद्या साली दसऱ्याच्या महिनाभर आधीच यायची, पण ते कागदावर असायचं म्हणून बाईंनी त्यामागचं कारण कधी कुणाला विचारलं नाही.

"पार्वतम्मा, अश्विन कधी लागतो?"

पार्वतम्मा खाली जावयासाठी पुरणाचे धोंडे करायच्या तयारीत होती. "कोणता अश्विन सांगू? येंदा दोन हायत. पैला अधिक, धोंड्याचा. त्यात सणवार काय बी धरत न्हाईत, निस्ता जावयाला खाऊ घालायचा. खरा अश्विन त्याच्या म्होरं. दसरा महिनाभर लांब गेला बगा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतेत ते हेच."

बाईंना केवढं हायसं वाटलं. अजून महिना आहे. जाऊ की सावकाश. आणि इथंच ती बाई चुकली. तारखेत चुकली ते सोडा, पुढं जे व्हायचं ते त्यामुळं झालं खरं, पण सवड मिळाल्याचा तो आनंद, तो जास्त वाईट होता. दहा वर्षं टाळलेलं आणखी महिनाभर टाळायला सबब मिळाली म्हणून बाई खूश झाल्या. नंतर त्यांना हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

अधिकातली कोर दिसली तेव्हा दोघी माळवदावर होत्या. पार्वतम्माने सवयीने दशी ओढली. बाईंनी मनात म्हटलं, हा फुकटचा चांद. चांद बिचारा काय सांगणार, तो आपला नवा होऊन उभा होता.

मग मात्र मनाने टोचायला सुरुवात केली. बाईंनी गव्हाचा चीक काढला, नारळाचं दूध घालून आई करायची तसा हलवा केला. नव्याच्या सणाला हा हलवा लागतोच. थोडा आगाऊ झाला तर हायीम काय नाक मुरडणार होता थोडाच. डबा बांधला. दिवस पार्वतम्माने निवडून दिला. "सोमवारी निघा. सोमवार महादेवाचा. ज्या कामाला जाल ते फत्ते."

सोमवारी सकाळी बाई एस्टीत बसल्या. दोन्ही बाजूंना ज्वारीची वीतभर ताटं जागीच वाळून चालली होती. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, तिथं त्यांनी गरम भजी खाल्ली, वर चहा घेतला. पाढा म्हणावा तसं एकच वाक्य घोकत होत्या की माझं चुकलं, हायीम, तू आईचं केलंस तेवढं कुणी केलं नसतं. नांदेडला गाडी बदलली आणि ऊन कलायच्या आत मुदखेडला पोचल्या.

क्वार्टरचं दार बंद होतं. बाहेर कुलूप नव्हतं. खिडक्याही लावलेल्या. बाईंची दार वाजवायची एक पद्धत होती. बाळंतिणींच्या घरी जाऊन जाऊन पडलेली, बोटातल्या अंगठीने दोन हलके ठोके आणि मग तळहाताने एक जोरात. तशी त्यांनी कडी नसलेल्या बाजूला थाप दिली.

आत घसा खाकरल्याचा आवाज आला, मग दोनदा खोकला. इंजिनांचा धूर खाऊन हायीमला लागलेला तो खोकला, हजारांतून ओळखू आला असता. मग पावलं आली. सावकाश आली, दारापर्यंत आली, आणि थांबली. मधे फक्त दोन बोटं जाडीची फळी.

पावलं परत गेली.

बाई उभ्याच राहिल्या. पुन्हा वाजवलं नाही. हाकही मारली नाही. दहा वर्षं घोकलेलं वाक्य जिभेवर होतं, पण ओठ काही उघडेनात. मला ओळखून परत गेला, त्यांना वाटलं. फटीतून बघितलं आणि गेला. बरोबरच आहे, त्याने तरी का उघडावं. आणि त्याच वेळी मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून तेच जुनं नाक वर आलं. एवढी म्हातारी बहीण एवढ्या उन्हाची येते आणि हा दार उघडत नाही. मी नाही हाक मारणार.

डबा तसाच परत आला. पार्वतम्माच्या नातवंडांनी हलवा फस्त केला. काय झालं म्हणून पार्वतम्माने विचारलं, तर बाई म्हणाल्या, "दार नाही उघडलं त्याने," आणि पदर तोंडाला लावून खूप रडल्या. पार्वतम्माने भावजात सगळी अशीच असते म्हणून आपल्या तिन्ही भावांचा उद्धार केला. त्याने बाईंना काही बरं वाटलं नाही, पण सोबत झाली.

मग खरा अश्विन लागला, घट बसले, आणि दसरा आला. बाईंनी पांढरं नेसलं, पार्वतम्माला बजावलं की सोनं द्यायला कुणालाही वर पाठवू नको, आज माझी दार फाळणी, आणि कडी लावून घेतली. गल्लीत ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा चढत होत्या. आत बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, घसा कोरडा पडलेला, आणि देवाला सांगत होत्या की बाकी सगळं माग, पण एकाचं माझ्याकडून राहिलं. मी गेले होते. तू पाहिलंस.

दुपार कलली. खालचं घर शांत होतं, पार्वतम्मा देवीच्या देवळात गेलेली. जिन्यावर पावलं वाजली. कुणीतरी वर आलं, दाराशी थांबलं. घसा खाकरला. दोनदा खोकला. मग दारावर थाप.

बाई ताडकन उठल्या. भिंतीला धरत दारापर्यंत गेल्या, हात कडीवर ठेवला. हायीम. आणि मग त्यांनी स्वतःलाच झापलं. हायीम? आज? दार फाळणीच्या दिवशी एस्टीत बसून? आईचा मुलगा? मेला तरी तो आज घराबाहेर पडायचा नाही. उपासाने कान वाजतायत आपले. कुणीतरी सोनं घेऊन आलं असेल. कडीवरचा हात खाली आला, आणि बाई परत भिंतीशी जाऊन बसल्या.

मग पावलं जिना उतरली. तेवढ्यात खालून पार्वतम्माचा आवाज आला, तिचा आवाज म्हणजे काय, पलीकडच्या गल्लीतल्या म्हशी कान टवकारायच्या. "कोण वं तुमी? वर कुनाकडं गेलता? बाईंचं दार आज उघडत न्हाई, त्यांची ती दार फाळणी हाय."

"आज?" पुरुषाचा आवाज म्हणाला.

"मग. दसरा न्हाई का आज? तुमी त्यांचे भाऊ तर न्हाई? नाक तर तसंच हाय. आन तुमी हो, गेल्या महिन्यात बिचारी सोमवारी मुदखेडला आली, तर दार उघडलं न्हाई तुमी. रडून रडून अर्धी झाली ती."

मग जिन्यावर पुन्हा पावलं वाजली, या वेळी धावत, त्या वयाच्या माणसाने धावू नये तशी. दारावर थाप नाही पडली. हाक आली.

"बाय, मी हायीम. कडी काढ. आज दार फाळणी नाही गो. झाली ती. महिना झाला."

बाईंनी दार उघडलं. समोर एक म्हातारा उभा होता. दहा वर्षांपूर्वी ज्याने दार लावून घेतलं होतं तो माणूस हा नव्हताच, ह्याचे केस सगळे गेले होते, पाठीत पोक आलं होतं. पार्वतम्मा जिन्यावर धापा टाकत पोचली आणि तिने तिथंच बसकण मारली. ऐकायचं सोडून खाली जाण्याइतकी ती वेडी नव्हती.

"तेरावा महिना आपल्यातही असतो," हायीम सांगायला लागला. "पण तो आदार महिन्यात पडतो, होळीच्या सुमाराला. अश्विनात कधीच नाही. यांचा अश्विन वाढला म्हणून आपला तिश्री थांबत नाही. आपली दार फाळणी त्या सोमवारी झाली."

"त्या सोमवारी?"

"त्याच. दार लावून बसलो होतो. दोन हलके नि एक जोरात, असं वाजलं. मी उठलो. दारापर्यंत आलो. म्हटलं, ही रिबका. मग म्हटलं, छे, रिबका आज बाहेर पडायची नाही. आईच्या हाताखाली वाढलेली पोर आहे ती." त्याने डोळे पुसले. "म्हणून परत गेलो, बाय. आत जाऊन देवाची माफी मागत बसलो. जिची मागायची ती दारात उभी."

आत्ता, थोड्या वेळापूर्वी, कडीवर हात ठेवून बाई अगदी हेच बोलल्या होत्या. दहा वर्षं बोलणं नाही, चालणं नाही, तरी एकमेकांवर एवढा विश्वास. त्यानेच घात केला.

"तू हाक का नाही मारलीस?" हायीमने विचारलं.

"नाकाने मारू दिली नाही."

"ते आपल्या घरातच आहे," तो म्हणाला. "पण त्या दिवसापासून ती थाप काही कानातून जाईना. झोप येईना. आज रात्रीच्या गाडीने निघायचं, नांदेडला सामान पडलंय. म्हटलं जाण्याआधी एकदा बघून येऊ, ती होती का."

"आज रात्रीच?"

"चारची एस्टी गाठायला हवी."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि परत बघितलं नाही. महिनाभर आधी ते दार उघडलं असतं तर पुढचे सगळे सण एकत्र झाले असते, आईच्या गोष्टी निघाल्या असत्या, भांडूनसुद्धा घेतलं असतं पोटभर. आता चहा होईल एवढाच वेळ होता. त्या उठून स्टोव्ह पेटवायला लागल्या. हायीम म्हणाला, तू आधी पाणी पी, तुझा उपास उगाच आहे. बाई म्हणाल्या, "उगाच कसा? खऱ्या दिवशी मी अहमदपूरला भजी खाल्ली. वर चहा. तो दिवस कुठून भरून काढू?"

"देव चांदाचा हिशेब ठेवतो, बाय. भज्यांचा नाही."

ती दोघं हसली. तेवढं एकच हसणं झालं. मग बाईंनी कप त्याच्या हातात दिला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून ते वाक्य बोलल्या, घोकलेलं, सगळं. त्यातला एक शब्दही त्यांना नीट जमला नाही. हायीमने मान हलवली, चहा संपवला आणि कप बाजूला ठेवला.

"आता माझं ऐक. हे मी दहा वर्षं दाबून ठेवलं. तू तसं बोललीस म्हणून रागाने ठेवलं, मग लाजेने. आई शुद्धीवर होती शेवटी. मी म्हटलं तार केलीय, रिबका येईल. तर म्हणाली, ती नाही यायची, तिथं लेकरं मरतायत, तिने यायलाही नको. तिला म्हणावं, मी रागावले नाही. चांद बघत जा म्हणावं."

दहा वर्षं बाई दर महिन्याला चांद बघत होत्या, आणि आईने बघ म्हणून सांगितलंय हे त्यांना माहीत नव्हतं. हे वाक्य जवळ असतं तर ती वर्षं कशी गेली असती, असं त्यांच्या मनात आलं, आणि राग आला, खूप राग आला. पण समोर बसलेल्या पोक आलेल्या म्हाताऱ्यावर तो काढायला वेळही नव्हता. त्यांनी त्याचा हात धरला. हात गार होता.

जाताना हायीमने खिशातून या वर्षीचा सणांच्या तारखांचा कागद काढून दिला. "आता दसऱ्यावर जाऊ नको. नि एक कर. चांद तुला आधी दिसेल, मला दोन-तीन तासांनी. तू बघितलास की तिकडं पाठवून दे." बाई स्टँडपर्यंत गेल्या नाहीत. ऊन लागेल, उपास आहे, म्हणून त्यानेच येऊ दिलं नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवरून त्यांनी त्याला गल्लीच्या वळणापर्यंत पाहिलं. दारादारांत लोक एकमेकांना आपट्याची पानं देत होते, वळणावर कुणीतरी त्यालाही दिली, आणि त्याने ती खिशात ठेवली.

दिवाळी आली नि गेली. पुढचा नवा चांद आला तो भाऊबीजेला. पार्वतम्मा निरांजनाचं ताट घेऊन वर चढली. तिचे तिन्ही भाऊ सकाळीच ओवाळून, शिव्या खाऊन, साड्या देऊन गेले होते.

"भाऊ लांब असला की आमच्यात बाई चांदोबाला ओवाळते," ती म्हणाली.

"आमच्यात चांदाला ओवाळत नाहीत, पार्वतम्मा. त्याला घडवणाऱ्याचं नाव घेतो, बस."

"मग तुमी नाव घ्या. मी ओवाळते. त्येनं चहा पिलाय माज्या घरात, माजा बी भाऊच की."

मावळतीला कोर दिसली, नखाएवढी. बाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि नेहमीचे चार शब्द म्हटले. मग जरा पुढं होऊन, माळवदाच्या कडेला, मुदखेडच्या बंद दारापुढं जे बोलायला हवं होतं ते मोठ्याने बोलल्या.

"हायीम, मी आहे. रिबका."

वारा सुटला होता. पार्वतम्माने निरांजनावर तळहाताचा आडोसा धरला आणि ताट चंद्राकडे उचललं.